पहिली ते चौथीची मुलं आठवडाभर वर्गात नेमकं काय शिकतात?

२०२५ च्या एप्रिल ते जून या काळात महाराष्ट्रात पहिलीतल्या मुलांवरून जोरदार वाद झाला. १६ एप्रिलला राज्य सरकारने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करण्याचा निर्णय काढला. १७ जूनला त्यात बदल झाला आणि ‘अनिवार्य’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द आला. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

भाषा कोणती हवी यावर सगळेच बोलले. पण एक साधा प्रश्न मागे पडला. सहा वर्षांच्या मुलाचा शाळेतला आठवडा आधीच ठरलेला असतो. त्यात नवीन विषय घालायचा तर त्यासाठीच्या तासिका कशातून काढणार?

याचं उत्तर शोधायचं तर आधी हा आठवडा समजून घ्यावा लागेल. त्यात किती तास असतात, मुलं त्यात काय शिकतात आणि काय राहून जातं, ते पाहूया.

आठवड्यात शिकण्याचे तास किती?

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे आणि किमान ८०० तास अध्यापन झालं पाहिजे. म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. (सहावी ते आठवीसाठी हेच आकडे २२० दिवस आणि १००० तास आहेत.)

मूल शाळेत असतं त्याहून जास्त वेळ. पण परिपाठ, मधली सुट्टी, शालेय पोषण आहार आणि हजेरी वजा केली की प्रत्यक्ष शिकण्याचा वेळ साधारण एवढाच उरतो. आपल्याकडे बहुतेक मराठी शाळा सोमवार ते शुक्रवार पूर्ण वेळ आणि शनिवारी अर्धा दिवस भरतात.

थोडक्यात, आठवडा म्हणजे ठरावीक मापाचा डबा आहे. त्यात एखादा पदार्थ वाढवला की दुसरा कमी करावाच लागतो. एका विषयाची रोज ३५ मिनिटांची एक तासिका धरली, तर सहा दिवसांत त्या विषयाला साडेतीन तास मिळतात. नवा विषय आला की हे साडेतीन तास मराठी, गणित, खेळ किंवा चित्रकलेतून काढावे लागतात.

वेळापत्रकात काय काय असतं?

दिवसाची सुरुवात परिपाठाने होते. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि पाढे असा त्याचा क्रम असतो. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे २०२३ मध्ये राज्यगीत झालं, त्यानंतर ते परिपाठात आलं. पालकांना हा भाग औपचारिक वाटतो. पण लाजाळू मुलाला चार लोकांसमोर उभं राहून बोलण्याची पहिली संधी बऱ्याचदा इथेच मिळते.

त्यानंतर तासिका सुरू होतात. पहिली आणि दुसरीला मराठी, गणित आणि इंग्रजी हे मुख्य विषय. सोबत कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण. इंग्रजी पहिलीपासून शिकवण्याचा निर्णय राज्यात २००० साली लागू झाला, त्याआधी ती पाचवीत सुरू व्हायची. तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ हा स्वतंत्र विषय येतो. पहिली-दुसरीत परिसर वेगळा शिकवत नाहीत. तो भाषा आणि गणिताच्या धड्यांतून येतो.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा अभ्यासक्रम राज्यात २०२५-२६ पासून पहिलीत सुरू झाला. पुढचे वर्ग टप्प्याटप्प्याने बदलणार असल्याने घरातल्या दोन भावंडांची पुस्तकं काही वर्षं वेगवेगळ्या अभ्यासक्रमांची असू शकतात.

कोणत्या आठवड्यात काय शिकवायचं हे कोण ठरवतं? पाठ्यपुस्तकं ‘बालभारती’ तयार करते. ही संस्था १९६७ मध्ये पुण्यात सुरू झाली. पुस्तकातले घटक कोणत्या महिन्यात घ्यायचे, याचं वार्षिक आणि घटक नियोजन शिक्षक करतात. रोजच्या पाठाची तयारी ज्या वहीत लिहितात तिला ‘टाचण’ म्हणतात. धडा कोणता, त्यातून मुलाला काय यायला हवं, त्यासाठी वर्गात कोणती कृती घ्यायची, हे टाचणात असतं.

यातलं ‘मुलाला काय यायला हवं’ हे सगळ्यात महत्त्वाचं. शाळेच्या भाषेत त्याला ‘अध्ययन निष्पत्ती’ म्हणतात. धडा शिकवून झाला म्हणजे काम संपलं, असं यात धरलेलं नाही. मुलाला ती गोष्ट स्वतः करता आली पाहिजे.

पहिली-दुसरीतलं मराठी: अक्षरं क्रमाने का शिकवत नाहीत?

अनेक पालकांची तक्रार असते, ‘दोन महिने झाले, अजून क ख ग घ पूर्ण झालं नाही!’ यामागे कारण आहे.

पूर्वी आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी आणि मग शब्द असा क्रम असायचा. त्यात मुलाला पहिला अर्थपूर्ण शब्द वाचायला बरेच महिने लागायचे. आता अक्षरं गटागटाने घेतात. समजा, एका गटात क, म, ल, न ही चार अक्षरं आणि काना घेतला. एवढ्यावर मूल काका, मामा, नाना, काम, नाक, कान, मका, लाल, कमान, कमल असे कितीतरी शब्द वाचू शकतं. ‘ङ’ आणि ‘ञ’साठी थांबावं लागत नाही. आठवड्याभरात वाचल्याचा आनंद मिळतो आणि पुढच्या गटाचा हुरूप येतो.

मराठीत खरी अडचण येते ती जोडाक्षरांशी. ती टाळून मराठी वाचताच येत नाही, कारण ‘त्या’, ‘माझ्या’, ‘घराच्या’, ‘म्हणून’ असे रोजचे शब्दही जोडाक्षरांचे असतात. पहिलीत छान वाचणारं मूल दुसरीत अडखळायला लागलं, तर ते आळशी झालं असं नसतं. बहुतेक वेळा ते जोडाक्षरांपाशी थांबलेलं असतं. तेवढाच सराव घेतला तर गाडी पुढे जाते.

गणितात मुलं कुठे अडकतात?

पहिली-दुसरीतलं बरंचसं गणित एका कल्पनेभोवती फिरतं, ती म्हणजे दशक आणि एकक. म्हणून वर्गात काड्या, चिंचोके आणि मणी दिसतात. दहा सुट्या काड्यांचा एक गठ्ठा बांधायचा, म्हणजे एक दशक. ‘हातचा’ घ्यायचा म्हणजे नवा गठ्ठा बांधायचा. वजाबाकीत ‘उसना’ घ्यायचा म्हणजे गठ्ठा सोडायचा. ही कृती हाताने केलेली असेल, तर वहीतला हातचा कळतो. नाहीतर तो एक जादूचा १ होऊन बसतो, जो कुठेतरी वर लिहायचा असतो.

मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण असते. २७ लिहिताना आधी २ आणि मग ७ येतो. म्हणताना मात्र ‘सत्तावीस’, म्हणजे सात आधी आणि वीस नंतर. २९ तर आणखी अवघड. लिहिताना दशकाच्या जागी २, पण नावात ‘एकोणतीस’, म्हणजे तीसला एक कमी. म्हणूनच ऐकून संख्या लिहायला सांगितलं की मुलं २७ च्या जागी ७२ लिहितात.

याच कारणामुळे २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि राज्यभर वाद झाला. गणितज्ज्ञ डॉ. मंगला नारळीकर तेव्हा विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या पद्धतीवर भरपूर विनोद झाले. पण ज्या अडचणीसाठी ती आणली होती, ती अडचण आजही दुसरीच्या प्रत्येक वर्गात दिसते.

तिसरीपासून काय बदलतं?

तिसरीत परिसर अभ्यास येतो आणि मूल घर-शाळेच्या बाहेर पाहू लागतं. दिशा, नकाशा, पाणी, अन्न, आपलं गाव, आपला जिल्हा. राज्यात तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं निघत आलं आहे. पुण्याच्या मुलाला पुणे जिल्ह्याचं आणि ठाण्याच्या मुलाला ठाणे जिल्ह्याचं. चौथीतलं शिवछत्रपतींचं पुस्तक तर अनेक पिढ्यांच्या आठवणीत आहे.

पण तिसरीतला सगळ्यात मोठा बदल वेळापत्रकात दिसत नाही. दुसरीपर्यंत मूल ‘वाचायला’ शिकतं. तिसरीपासून ते ‘वाचून’ शिकावं अशी अपेक्षा असते. नकाशाची सूचना, गणितातलं शाब्दिक उदाहरण, प्रश्नाखालचा स्वाध्याय, हे सगळं वाचता येतं असं धरूनच पुस्तक पुढे जातं. ज्याला वाचता येत नाही, त्याला एकाच वेळी सगळेच विषय अवघड व्हायला लागतात. तेव्हा पालकांना वाटतं, ‘याला गणित जमत नाही.’ प्रत्यक्षात त्याला उदाहरण वाचता आलेलं नसतं.

‘निपुण’चं उद्दिष्ट काय आहे?

हीच गोष्ट लक्षात घेऊन केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. त्यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवली. इयत्तेनुसार अपेक्षा अशा आहेत:

पहिली: अनोळखी मजकुरातली ४-५ सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचणं. ९९ पर्यंतच्या संख्या, सोपी बेरीज-वजाबाकी.

दुसरी: मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं. ९९९ पर्यंतच्या संख्या, ९९ पर्यंतची वजाबाकी.

तिसरी: मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं. ९९९९ पर्यंतच्या संख्या, सोपे गुणाकार.

वाचनाला घड्याळ कशाला? कारण वेग आणि अर्थ यांचा थेट संबंध आहे. मूल मिनिटाला २० शब्द वाचत असेल, तर दहा शब्दांच्या वाक्याला अर्धा मिनिट लागतो. शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचताना पहिला शब्द विसरलेला असतो. सगळी शक्ती अक्षरं जोडण्यात जाते आणि अर्थासाठी काही उरत नाही. अर्थात मराठी शब्द लांब असतात, ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द धरला जातो. त्यामुळे आकडा दगडावरची रेघ मानू नये. ‘समजून’ हा शब्द जास्त महत्त्वाचा.

परिस्थिती काय आहे? ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ या ग्रामीण भागातल्या सर्वेक्षणानुसार, देशातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. म्हणजे कोरोनानंतर सुधारणा झाली आहे. तरीही चारपैकी जवळपास तीन मुलं मागेच आहेत.

शनिवारी फक्त खेळ असतात का?

राज्य सरकारने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आणला. योग, ध्यान, आरोग्य, रस्ते सुरक्षा, आपत्ती व्यवस्थापनाची ओळख, पैशांचं साधं नियोजन, नातेसंबंध हाताळणं, असे विषय त्यात खेळ आणि कृतींतून घ्यायचे आहेत. त्यामुळे शनिवारी मुलाच्या वहीत काही लिहिलेलं नसेल, तर त्याने काही शिकलंच नाही असं समजू नये.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याच्या सूचना निघाल्या. मुलांची झोप पूर्ण होत नाही आणि त्याचा शिकण्यावर परिणाम होतो, हे त्यामागचं कारण होतं.

कागदावरचा आठवडा आणि खरा आठवडा

आतापर्यंत पाहिला तो कागदावरचा आठवडा. प्रत्यक्षात त्यातून बरंच काही गळतं.

पहिलं कारण शिक्षकांची संख्या. कायद्यानुसार ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. अशा द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे चार वर्ग दोन गुरुजी किंवा बाई मिळून सांभाळतात. दिवसाचे ४ तास दोन वर्गांत वाटले, तर एका वर्गाला शिक्षकांचा थेट वेळ मिळतो २ तास. उरलेले २ तास मुलं काय करतात, यावर त्या शाळेची गुणवत्ता ठरते. चांगल्या शाळांत मुलं इयत्तेऐवजी पातळीनुसार गटात बसतात, मोठी मुलं लहानांचं वाचन घेतात, वाचन कोपरा आणि गणित पेटीचा वापर होतो. असं नियोजन नसेल, तर ते तास फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातात.

दुसरं कारण शाळाबाह्य कामं. शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या कामांखेरीज अशैक्षणिक काम देऊ नये, असं कायदा सांगतो. पण हीच कामं मोठी असतात. त्यात ‘यू-डायस’, ‘सरल’ अशा पोर्टलवर माहिती भरणं आणि पोषण आहाराच्या नोंदी येतात. शिक्षक कमी असलेल्या शाळेत एक जण बाहेर गेला की दोन वर्गांचा दिवस जातो.

तिसरं कारण भाषा. मेळघाटातलं कोरकू बोलणारं, गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं किंवा नंदुरबारमधलं भिली बोलणारं मूल पहिलीत येतं, तेव्हा पुस्तकातली मराठी त्याच्यासाठी नवीन भाषा असते. इतरांचा आठवडा अक्षरं ओळखण्यात जातो, तेव्हा त्याला अक्षरं आणि भाषा दोन्ही एकदम शिकायचं असतं. ‘पहिलीत किती भाषा’ या वादात या मुलांचा हिशेब फारसा झाला नाही.

चौथं कारण स्थलांतर. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि कारखान्यांचा हंगाम संपल्यावर परततात. त्यासाठी गावात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण जी मुलं आईबापांसोबत फडावर जातात, त्यांचं जवळपास पूर्ण दुसरं सत्र बुडतं. जूनमध्ये ती पुढच्या इयत्तेत बसतात, पण मागचे आठवडे त्यांना कुणी परत देत नाही.

नापास करत नाहीत, मग मागे पडलेलं कळतं कसं?

पहिली ते चौथीत मूल्यमापन वर्षभर चालतं. त्याचे दोन भाग आहेत, आकारिक आणि संकलित. रोजचं निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प आणि वर्गकार्य हे आकारिक, तर सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा संकलित. २०१० पासून राज्यात लागू असलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या पद्धतीत पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिकला आणि ३० टक्के संकलितला, तर तिसरी-चौथीला ६० आणि ४० टक्के असं प्रमाण आहे.

लहान मुलांवर परीक्षेचं ओझं नको, हा यामागचा विचार. तो योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. आकारिक नोंदी मनापासून केल्या नाहीत, तर प्रगतिपत्रकावर ‘ब-१’ दिसतो आणि मूल मात्र शब्दापाशीच अडकलेलं असतं. चौथीपर्यंत त्याला कुणी अडवत नाही. पहिला अडसर येतो पाचवीत, कारण २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणं आवश्यक केलं आहे. आधी पुन्हा संधी मिळते, त्यातही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. दुसरीतली अडचण पाचवीत उघड झाली, तर ती दूर करायला तीन वर्षांचा उशीर झालेला असतो.

पालक काय करू शकतात?

‘आज काय शिकवलं?’ या प्रश्नाला बहुतेक मुलं ‘काही नाही’ असंच उत्तर देतात. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, पुढच्या गोष्टी करून पाहता येतील.

१. पुस्तकाबाहेरचं वाचायला द्या. धडा पाठ असू शकतो. एसटीची पाटी, दुकानाचा बोर्ड, बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर पाठ नसतो. वाचल्यावर ‘म्हणजे काय?’ असं विचारा.

२. मूल कुठे थांबतं ते पाहा. अक्षरावर, शब्दावर की वाक्यावर? जोडाक्षरावर अडलं तर फक्त तेवढाच सराव घ्या.

३. हिशेब करायला द्या. ‘३२ रुपयांची वस्तू घेतली, ५० ची नोट दिली, परत किती?’ ही उसन्याची वजाबाकीच आहे.

४. संख्या सांगून लिहायला लावा. २९, ३९, ६७, ७६ अशा. गोंधळ कुठे होतो ते लगेच कळेल.

५. शिक्षकांना नेमका प्रश्न विचारा. ‘अभ्यासात कसा आहे?’ याला ‘बरा आहे’ असंच उत्तर मिळतं. ‘तो परिच्छेद वाचतो का? हातच्याची बेरीज येते का? या महिन्यात कोणता घटक चालू आहे?’ असं विचारलं, की बोलणं पुढे सरकतं.

ज्या घरात कुणालाच लिहिता-वाचता येत नाही, तिथेही यातलं बरंच करता येतं. मुलाने वाचलेली गोष्ट ऐकणं, ती पुन्हा सांगायला लावणं, बाजारात सुटे पैसे त्याच्याकडून मोजून घेणं, याला शिक्षण लागत नाही.

बालभारतीची पुस्तकं ‘ई-बालभारती’च्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपने स्कॅन केला तर त्या घटकाचं साहित्यही दिसतं.

पहिलीत कोणती भाषा, कोणता विषय, कोणता उपक्रम, यावर निर्णय पुढेही होत राहतील. त्यातला प्रत्येक निर्णय शेवटी मुलाच्या त्याच आठवड्यातून वेळ मागणार आहे. म्हणून नवीन काही आलं की दोन प्रश्न विचारायला हवेत: यासाठी तासिका कुठून काढली? आणि ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, त्याच्या वाट्याचे तास तर कमी झाले नाहीत ना?